जव्हारला जाताना पहिला थांबा वर्कशॉपचा

जव्हारला जायचं ठरलं ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी. दोन वर्षांपूर्वी एका घाटात ताईची बस कठड्यावर आदळली, खांदा मोडला आणि तेव्हापासून बसचं नाव काढलं की ती विषय बदलायची. मग शेजारच्या उमेळे गावच्या, आमच्या ओळखीच्या नंदूने भाड्याने चालवायला नवी मिनीबस घेतली. "ताई, प्रत्येक सीटला पट्टा आहे," तो म्हणाला आणि बाईसाहेब चक्क तयार झाल्या. सोसायटीची सहल याच गाडीने निघणार, असं मी लगेच जाहीर करून टाकलं. तिचं मन बदलायच्या आत.

शनिवारी सकाळी गेटवर जमलो. पिशव्यांत इडल्या, चटणी आणि आपली वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी. नंदू मात्र तोंड पाडून उभा.

"काल संध्याकाळी वर्कशॉपचा फोन आला. कंपनीने या लॉटच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्यात. जोरात झटका बसला की पट्ट्याचं बकल सुटतं म्हणे. फुकट बदलून देणारेत."

आमचे सेक्रेटरी सावंतकाका हसायला लागले. "अरे, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाहीयेस तू. पट्टे एकदाही वापरले नाहीत, ते खराब कसे होतील?"

पट्टे खरंच त्या प्लास्टिकखाली दबलेले होते. नव्या वस्तूचं प्लास्टिक जपायची आपल्याला हौसच. आमच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे, मी कुणाला काय बोलणार? आल्यावर बदल, आता चल, असं बहुतेकांचं मत पडलं. तोवर ताई पिशवी उचलून जिन्याकडे वळली होती. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"ताई, लपवायचं असतं तर सांगितलंच नसतं ना," नंदू तिच्या मागे जात म्हणाला. "आधी वर्कशॉपला जाऊ. काम नाही झालं तर सगळ्यांना घरी सोडतो."

ताई थांबली. "तिथवर मी रिक्षाने येईन."

अशी आमची वरात निघाली. पुढे रिकाम्या दोन सीट घेऊन मिनीबस, मागे रिक्षात आम्ही दोघी.

वर्कशॉप चिंचोटीच्या पुढे, हायवेला लागून. नंदूने स्वतःच्या हाताने प्लास्टिक टराटरा फाडलं. "आई ओरडणार. दिवाळीपर्यंत ठेव म्हणाली होती," तो पुटपुटला. मेकॅनिक बकलं बदलत होते तोवर आम्ही बदामाच्या झाडाखाली इडल्या संपवल्या आणि त्यांनाही सुकेळी दिली. काम झाल्यावर ताई आपल्या सीटचा पट्टा ओढून पाहायला गेली आणि ओळीने सगळ्याच सीटवर बसून आली. सावंतकाका बाहेरून म्हणाले, "माझाही नीट बघ हो."

पुढचा रस्ता सोपा आहे. हायवेने मनोर, तिथून उजवीकडे विक्रमगड आणि मग जव्हार. रस्त्याला खड्डे आहेत, पण दोन्ही बाजूंना पिकलेला भात पाहत जाता येतं. घाट चढताना ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. जव्हारला एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि पिठलं जेवलो. स्वस्त, आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात. दाभोशाचा धबधबा अजून जोरात होता. सूर्यास्त बघायला मात्र थांबलो नाही, ताईला घाट दिवसाउजेडी उतरायचा होता.

तुम्ही अशी गाडी ठरवणार असाल तर पट्टे आधी ओढून पाहा. प्लास्टिक असेल तर काढायला लावा. चालकाने तोंड वाकडं केलं तर दुसरी गाडी बघा, आणि आपणहून दोष सांगणारा मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

परतीच्या घाटात माझं मनगट मोकळंच राहिलं. पाहिलं तर पट्टा लावून ताई गाढ झोपली होती. अपघातानंतर ती रिक्षातही कधी डुलकी घेत नसे. मला फार बरं वाटलं.

सोसायटीच्या गेटवर नंदूने इंजिन बंद केलं. सगळे आवाज न करता उतरले, सावंतकाका तर चपला हातात घेऊन. ताई डोळे चोळत उठली.

"घाट आला का गं?"

"घाट केव्हाच उतरलो. घर आलं."

ती खिडकीतून बाहेर डोकावली. मग तिने बकल काढलं आणि पुढे वाकून विचारलं, "नंदू, नाशिकला नेशील का रे?"