टपरीवरच्या चकचकीत कवड्या

मी पदवीपर्यंत पोचलो तो आक्कामुळे. आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. निपाणीजवळच्या आमच्या घरात वडील, म्हणजे अण्णा, तिचा शब्द सहसा मोडत नसत.

आमचं जैनांचं घर. शंख-कवडीतल्या जिवाला दोन इंद्रियं, स्पर्श आणि चव, हे मी पाठशाळेतच शिकलो होतो. बेळगावच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं, ते अण्णांना आवडलं नव्हतं. शेवटच्या वर्षी कारवारला जाऊन कवड्या जमवायच्या ठरल्या, तेव्हा ते भडकले.

"शिकायचं म्हणून जीव मारायचा व्हय रं? बास झालं कॉलेज. दुकानात बस."

आक्का तांदूळ निवडत होती. "रिकामी असंल तीच उचलंल त्यो. त्याच्या हातनं जीव न्हाय जायचा. गेला, तर मीच सांगते दुकानात बसव म्हणून."

"तुला लई ठावं समुद्रातलं! कधी बघितलायस का?"

"समुद्र न्हाय बघितला. ह्याला बघितलंय."

अण्णांनी मग अडवलं नाही. मी कारवारला गेलो.

किनाऱ्यावरच्या टपरीत चकचकीत कवड्यांची टोपली होती. लाटांनी धुऊन काढलेल्या, रिकाम्या, असं समजून मी मूठभर बाजूला ठेवायला सांगितल्या. मग ओहोटीला आमच्या कॉलेजच्या मॅडमनी खडकाखाली जिवंत कवडी दाखवली. कवडी म्हणजे समुद्रातली गोगलगायच. तिनं आपल्या मऊ अंगाचा पदर दोन्ही बाजूंनी पाठीवर ओढला होता.

"ही चकाकी त्या पदरामुळं. जीव गेला, वाळूत घासली, की कवडी निस्तेज होते."

म्हणजे टोपलीतल्या बहुतेक जिवंतच काढलेल्या. मी टपरीकडे फिरकलो नाही. दुपारभर वाळूत वाकून शोधत राहिलो.

"काय रे, खडी गोळा करतोस काय?" मित्र हसले.

मुक्कामावरूनच आक्काला पत्र टाकलं:

"आक्का, पाया पडतो. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. अण्णांकडून मोठ्यानं वाचून घे. मी जमवलेल्या कवड्या मळकट आहेत, टवके उडालेल्या आहेत, पण सगळ्या रिकाम्या आहेत. एकीत हालचाल वाटली, ती होती तिथंच ठेवली. मॅडमनी त्या मळकट कवड्याच चालवून घेतल्या. जिवंत कवडीही पाहिली. पाणी हललं तशी ती हळूच पदर आवरून आत गेली. तू बोलली नसतीस, तर हे मला कधी दिसलं नसतं. तुझा शब्द खाली पडू दिला नाही. आता परीक्षा देऊनच घरी येतो."