‘बेबी’च्या जागी ‘बाबा’

देवांग निमकर टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला जन्मला, तिथेच वाढला, आणि घरच्यांच्या अपेक्षेप्रमाणे केमिकल इंजिनियरही झाला. तीन वर्षं त्याने ते निभावलं. पंचविसाव्या वर्षी नोकरीचा राजीनामा दिला, गिटार आणि दोन बॅगा गाडीत टाकल्या आणि कंट्री गाणी, म्हणजे अमेरिकेतली गावाकडच्या ढंगाची गाणी, लिहायला नॅशव्हिलला निघाला. लहानपणी शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरबाई मिस लोरेन रोज कंट्रीचं एकच रेडिओ स्टेशन लावायच्या. सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ ती गाणी कानावर पडली आणि कुठेतरी खोल रुजली. सांगलीहून आलेल्या आई-वडिलांना याचा पत्ता बऱ्याच उशिरा लागला.

वडिलांनी, नरेंद्र निमकरांनी, आरडाओरडा केला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. निघताना गाडीच्या खिडकीशी वाकून त्यांनी एवढंच विचारलं, “हेल्थ इन्शुरन्सचं काय केलंयस?”

नरेंद्र समुद्रातल्या तेलाच्या रिगवर ड्रिलिंग इंजिनियर होते. चौदा दिवस रिगवर, चौदा दिवस घरी, अशी बावीस वर्षं काढली. लुइझियानाच्या किनाऱ्यापर्यंत गाडी, तिथून पुढे हेलिकॉप्टर. आई सुचित्रा लहान मुलांची डॉक्टर. दवाखाना, मुलगा आणि अर्धा महिना नवऱ्याची रिकामी खुर्ची हे सगळं तिने एकटीने ओढलं. रिगवरच्या यंत्रांनी नरेंद्रांचे कान मात्र खाल्ले. साठीच्या आतच दोन्ही कानांत मशिनं आली.

नॅशव्हिलमध्ये गाणी लिहिणं ही सकाळी दहाची नोकरी असते, हे देवांगला तिथे गेल्यावर कळलं. एका खोलीत दोघं-तिघं बसायचे, कॉफी प्यायचे आणि दुसऱ्या कुणीतरी गावं म्हणून गाणं रचायचे. नऊ वर्षांत त्याने चारेकशे गाणी लिहिली. त्यातलं एकही रेडिओपर्यंत पोचलं नाही. एका सकाळी त्याच्याबरोबर लिहिणारा जोडीदार फ्लूने झोपला होता, म्हणून देवांग एकटाच बसला आणि दुपारपर्यंत एक गाणं पुरं झालं. गाणं अर्थातच इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर असं:

*फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलच्या फुल्या,*
*तुझ्या खुर्चीत कुणी बसत नाही, आई बसू देत नाही.*
*फोर्टीन डेज, बाबा, फोर्टीन डेज.*

तिसरं कडवं त्याच्या मते गाण्याचा जीव होतं. देवांग तीन वर्षांचा असताना नरेंद्र रिगवरून परतले. दार उघडलं, आणि हा मुलगा आईच्या मागे लपून म्हणाला, “आई, काका आले.” घरी येणारा प्रत्येक पुरुष काकाच असायचा, त्यामुळे मुलाचं काही चुकलं नव्हतं. त्याला स्वतःला हे आठवतही नव्हतं. आईने कधीतरी, तो कॉलेजात असताना, कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं होतं.

ते गाणं ड्वेन हॅलोरन नावाच्या मोठ्या गायकाने घेतलं. रेकॉर्डिंगच्या आधी त्याच्या प्रोड्यूसरने देवांगला बोलावलं.

“हे बाबा म्हणजे काय?”

“वडील. आमच्याकडे वडिलांना म्हणतात.”

“रेडिओवर लोकांना ते बेबी असंच ऐकू येणार. मग बेबीच करू या ना. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा तर फरक आहे. आणि तिसरं कडवं काढू, लांब होतंय.”

देवांग चौतीस वर्षांचा होता. त्याच्यामागून आलेली मुलं पुढे निघून गेली होती. तो म्हणाला, “चालेल.” कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही, हे तो पुढेही प्रामाणिकपणे सांगायचा.

बाप समुद्रावर गेलेल्या मुलाचं गाणं असं प्रेयसी सोडून गेलेल्या माणसाचं झालं. मागे ड्रम्स आले, चाल दुप्पट झाली, आणि गाणं असं काही चाललं की विचारू नका. फुटबॉलच्या मैदानावर वाजलं, पेट्रोल पंपावर वाजलं. ह्यूस्टनच्या गणपतीत सुद्धा पोरांनी त्यावर नाच बसवला. तो बघताना शेजारी बसलेल्या प्रीताकाकू देवांगला म्हणाल्या, “तू पण असलंच काहीतरी लिहितोस ना रे? लिही, लिही. एखादं असं चाललं पाहिजे बघ.” देवांगने मान डोलावली.

त्याची बायको अस्मिता मूळची ॲरिझोनातल्या चँडलरची. तिला ह्यूस्टनच्या शाळेत नोकरी मिळाली तेव्हा दोघं टेक्ससला परत आले. एका रविवारी तो वडिलांना घेऊन किराणा आणायला गेला असताना दुकानात तेच गाणं लागलं. नरेंद्र कोथिंबिरीची जुडी निवडत होते. त्यांनी मान वर केली.

“हे तुझं ना? सुचित्रा म्हणत होती.”

“हो.”

“मला त्या ढणढणाटात शब्द नीट कळत नाहीत. कुणाची तरी गर्लफ्रेंड सोडून गेलेली दिसते.”

“हो,” देवांग म्हणाला.

त्या ‘हो’ने त्याला चैन पडू दिलं नाही. प्रोड्यूसरपुढे ‘चालेल’ म्हणाला होता ते एक वेळ ठीक, पण ज्यांच्यावर गाणं लिहिलं त्यांनाच त्याने खोटं सांगितलं होतं. घरी येऊन त्याने अस्मिताला सगळं सांगितलं.

“मग सांगून टाक ना त्यांना,” ती म्हणाली. “काय एवढं?”

“सांगायचं नाहीये. ऐकवायचंय.”

“ते तर गाण्यांच्या कार्यक्रमाला कधी येतच नाहीत.”

“येतील. आधी मला ते गाता आलं पाहिजे.”

आता हे सोपं वाटतं, पण तसं नव्हतं. देवांग गायक नव्हता. त्याचा आवाज खरबरीत, वरच्या सुरात फाटणारा. शिवाय गाणं गाजल्यापासून आठ वर्षं त्याच्याही कानात हॅलोरनचीच चाल बसली होती. मूळची संथ चाल आठवायला त्याला जुनं रेकॉर्डिंग शोधावं लागलं. मग तो दर शनिवारी टेक्ससमधल्या कुठल्या ना कुठल्या गावी जाऊ लागला. कधी बार्बेक्यूचं दुकान, कधी शेतकऱ्यांचा बाजार, कधी कुणाचं मागचं अंगण. सगळीकडे तो ते गाणं जसं लिहिलं होतं तसंच म्हणायचा.

पहिल्या ठिकाणी लोकांनी सुरुवातीची धून ओळखली, आनंदाने टाळ्यांचा ठेका धरला आणि “बेबी” म्हणून असे ओरडले की त्याचं “बाबा” त्यात बुडूनच गेलं. एक टोपीवाले आजोबा नंतर प्रेमाने येऊन म्हणाले, “चांगलं म्हटलंस, पोरा. शब्द तेवढे पाठ कर.” दुसऱ्या ठिकाणी लोक मधूनच उठून सॉसेज आणायला गेले. एका बाईने विचारलं, हॅलोरनच्या गाण्याची अशी थट्टा करायची परवानगी असते का?

देवांग प्रत्येक वेळी गाडीत बसून नीट विचार करायचा. चाल आणखी संथ केली. सुरुवातीची ओळखीची धून काढून टाकली. आवाज फाटत होता तिथे सूर खाली उतरवला. तिसरं कडवं गाण्याऐवजी जवळजवळ बोलल्यासारखं म्हणू लागला. टाळ्या कमी झाल्या, पण सॉसेजसाठी उठणंही कमी झालं. वर्ष सरता सरता एका बाजारात ते कडवं चालू असताना भाज्या विकणारी बाई हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली. त्या दिवशी त्याला वाटलं, आता जमलं.

मग त्याने शुगर लँडजवळच्या एका छोट्या गावातल्या लायब्ररीचा हॉल धरला. तिथे महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी तीन वाजता, तीन गीतकार खुर्च्या मांडून आपापली गाणी म्हणत. साठ माणसांची जागा, जमिनीवर गालिचा, आवाज घुमत नसे. त्याने तो नेमका त्यासाठीच निवडला होता. वडिलांना फोन केला.

“बाबा, ड्रम्स नाहीत, बँड नाही. मी आणि गिटार. पहिल्या रांगेत बसा.”

“मी येऊन काय करू? मला कळत नाही.”

“कळेल. नाही कळलं तर पुन्हा कधी बोलावणार नाही.”

“तीन म्हणजे तीनला सुरू होतं का?” नरेंद्रांनी विचारलं.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या डॉटीबाईंनी पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘फोर्टीन डेज’ लिहिणारा माणूस, प्रत्यक्ष. हॉल भरला. डॉटीबाई देवांगला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हे बघ, लोक ओळखीचं गाणं ऐकायला आलेत. बाकीचे दोघं साथ देतील. आधी ते एकदा त्यांच्या पद्धतीने म्हण, मग तुझ्या पद्धतीने.”

“नाही.”

“दोन्ही केलंस तर कुणाचंच नुकसान नाही.”

“मी ते एकदाच म्हणणार आहे,” देवांग म्हणाला, “आणि लिहिलं तसंच. तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा, मी दुसरी गाणी म्हणतो.”

डॉटीबाईंनी खांदे उडवले.

पहिल्या रांगेत सुचित्रा आणि अस्मिता होत्या, दोघींच्या मधे इस्त्रीच्या शर्टात नरेंद्र. देवांगने दोन गाणी म्हटली आणि तिसरं हे घेतलं. पहिलं कडवं शांततेत गेलं. पण “फोर्टीन डेज” आलं आणि मागच्या रांगांमधून वीसेक लोक उत्साहाने ओरडले, “बेबी”.

नरेंद्रांचा हात कानाकडे गेला. आवाज वाढला की मशीन बंद करायची त्यांची जुनी सवय होती.

देवांगने गिटारच्या तारांवर तळवा ठेवला. गाणं थांबलं. हॉलमध्ये कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं.

“तुम्हाला येतं ते चूक नाही,” तो म्हणाला. “ते लाखो लोकांना आवडलं, त्यावर माझं घर चालतं. पण मी लिहिलं होतं ते वेगळं आहे आणि ज्यांच्यासाठी लिहिलं ते आज इथे बसलेत. त्यांना नीट ऐकू येत नाही. तेव्हा मी पहिल्यापासून म्हणतो. मला मदत करायची असेल तर गप्प बसून करा.”

आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी एसीची घरघरही ऐकू येत होती. कॅलेंडर आलं, खुर्ची आली, “बाबा” आलं. नरेंद्रांचा हात अजून कानाशीच होता, पण मशीन चालूच होतं. ते पुढे झुकले. तिसऱ्या कडव्यात दार उघडलं, मुलगा आईच्या मागे लपला आणि देवांगने इंग्रजी गाण्याच्या मधोमध तीन मराठी शब्द होते तसे म्हटले, “आई, काका आले.” सुचित्राने नवऱ्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. चेहरा हलला नाही, फक्त कानाशी गेलेला हात गळ्याशी येऊन थांबला.

शेवटच्या ओळीवर देवांगचा आवाज फाटलाच. तो थांबला नाही. फाटल्या आवाजातच त्याने गाणं पुरं केलं.

टाळ्या झाल्या. भरपूर झाल्या असं अस्मिता म्हणते, देवांगला आठवत नाही. नंतर पार्किंगमध्ये उन्हाने तापलेल्या गाड्यांपाशी नरेंद्र त्याची वाट बघत उभे होते.

“चौदा नव्हते,” ते म्हणाले. “जायचा-यायचा दिवस धरून पंधरा व्हायचे.”

“गाण्यात चौदाच बरं लागतं, बाबा.”

“असेल. आणि ते काकाचं तुला कुणी सांगितलं?”

“आईने.”

“मला वाटायचं ती विसरली असेल.” नरेंद्र गाडीच्या टपाकडे बघत बोलत होते. “मी विसरलो नव्हतो. त्यानंतर पाच-सहा वेळा तरी ऑफिसमधली नोकरी मागितली मी. नाही मिळाली. कुणाला बोललो नाही. म्हटलं, काय सांगायचं?”

देवांगला हे चाळीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. नरेंद्रांनी तो राहू दिला.

“त्या रेडिओवरच्या गायकाने हे कडवं का काढलं?” त्यांनी विचारलं.

“लांब होतं म्हणाले. मीच चालेल म्हणालो. आणि दुकानात तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो.”

“हं,” नरेंद्र म्हणाले. “चल. त्या दोघी उन्हात उभ्या आहेत.”

त्यानंतर देवांगने ते गाणं त्याच लायब्ररीच्या हॉलमध्ये, एका माइकवर, फाटलेल्या शेवटासकट रेकॉर्ड केलं. ते काही गाजलं नाही. रेडिओवर आजही हॅलोरनच वाजतो आणि मैदानांवर लोक “बेबी”च ओरडतात. पण त्याला पत्रं येऊ लागली. कुणाची आई ट्रक चालवायची, कुणाचा बाप सैन्यात होता, एकीचा नवरा आत्ता, या घडीला, रिगवर होता.

गेल्या वसंतात हॅलोरनच्या माणसांनी त्याचं आणखी एक गाणं मागितलं. आवडलं म्हणाले, फक्त मधलं एक नाव बदलायचं होतं. देवांगने कळवलं की आहे तसं घ्या, नाहीतर राहू द्या. त्यांनी राहू दिलं. अस्मिताने विचारलं, “वाईट वाटलं?”

“वाटलं,” तो म्हणाला, आणि शनिवारसाठी गिटारच्या नव्या तारा चढवायला बसला. या खेपेला लुइझियानाच्या किनाऱ्यावर, हेलिकॉप्टरं सुटतात त्या गावातल्या खाणावळीत गायचं होतं. रस्ता चार तासांचा होता आणि नरेंद्र म्हणाले होते, अर्धा मी चालवीन.