स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा खिळा

कुसुमकाकूंचं नाव आधी लिहिते, मग काय झालं ते. भोपाळमध्ये मला पहिल्यांदा "बस जरा" म्हणाल्या त्या कुसुमकाकू. त्या गेल्या तेव्हा मी जवाहर चौकात त्यांच्यासाठीच मेथी घेत होते. आदल्या संध्याकाळी त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, पण दुसऱ्या दिवशी घरी सोडतील असंच सगळे म्हणत होते. फोनवर त्यांचा मुलगा, शिरीषदादा म्हणाले, "सुनंदाताई, आई राहिली नाही." मी "बरं" म्हटलं, भाजीवाल्याला पैसे दिले आणि ती जुडी घेऊनच दवाखान्यात पोहोचले... तिथे ती कुणाच्या हातात द्यावी तेच कळेना.

हिंगणघाटकडच्या गावातून लग्न होऊन मी इथे आले. आमचे हे कारखान्यात ठेकेदाराकडे होते आणि काका तिथेच इंजिनीअर. टाउनशिपमधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये मी पोळ्या करायला लागले. सातवीत शाळा सुटलेली, हिंदी धड येत नव्हती, कुणी नुसती हाक मारली तरी मी दाराआड व्हायची. काकू भाजी चिरायला बसायच्या आणि पोळ्या करता करता मला मराठी पेपरची पुरवणी मोठ्याने वाचायला लावायच्या. मी अडखळले की म्हणायच्या, "सावकाश वाच. पोळी करपतेय का कुठे?" आणि ती खरंच करपलेली असायची. मग आम्ही दोघी हसायचो. करपलेली पोळी काकूच खायच्या. आज पुरवणीसाठी चार ओळी लिहायला बसलेय, ते त्या करपलेल्या पोळ्यांच्या जोरावर.

त्या क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा म्हणून नव्हता. "घर कंपनीचं, आपण पाहुणे. मिळालं तसं परत करायचं," असं काका म्हणायचे. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं, घड्याळ फ्रिजवर. रिटायर झाल्यावर त्यांनी शाहपुऱ्यात, तलावाजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये उंच छताचा फ्लॅट घेतला. वर्षभरात काका गेले. मी अशोका गार्डनमधल्या आमच्या भाड्याच्या खोलीवरून रोज जायची. तिथेही घड्याळ फ्रिजवरच. मी म्हणायची, "काकू, हे तर तुमचं घर आहे." त्या म्हणायच्या, "मला माहीत आहे गं. हाताला कुठे माहीत आहे."

पण माझी पिशवी दाराशी जमिनीवर असायची, ते त्यांना चालायचं नाही. एके दिवशी खलबत्त्यातला बत्ता घेऊन त्यांनीच स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळा ठोकला. पोपडा पडला. काकू एकदम दचकून दरवाजाकडे पाहायला लागल्या.

"कुणी विचारलं तर तुझं नाव सांगेन हं."

"कोण विचारणार, काकू?"

"तेही खरंच," म्हणाल्या आणि माझी पिशवी उचलून स्वतः अडकवली. त्या घरातला तो एकच खिळा.

आता फ्लॅट विकायला काढलाय. शिरीषदादांनी फरशी, ओटा, दिवे, भिंतींचा गिलावा-रंग, सगळं नवं केलं. ते भले आहेत, पुण्याला असतात, मला किल्ली देऊन गेलेत. त्यांचं काम अडू नये असं मनापासून वाटतं. आणि हा फ्लॅट गेला की या शहरात बेल न वाजवता शिरावं असं एकही दार मला उरणार नाही, तेही वाटतं... दोन्ही एकदमच वाटतं. परवा एक जोडपं घर बघायला आलं. बाई भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कितनी साफ दीवारें हैं। एक कील तक नहीं। लगता ही नहीं कि यहाँ कोई रहा है।" भिंतीला एक खिळाही नाही, याचं त्या कौतुकच करत होत्या. बोलले तर सौदा मोडेल का, गप्प राहिले तर काकू या घरात नव्हत्याच असं होईल का...

"रहती थीं," मी म्हटलं. "बहुत साल।"

"अच्छा," म्हणत त्या तलाव बघायला खिडकीशी गेल्या.

त्यांना खाली सोडून मी कुलूप लावायला वर आले. पाणी प्यायला आत गेले तर हात आपोआप दाराशेजारी गेला आणि पिशवी चकचकीत फरशीवर पडली. भिंतीवर बोट फिरवलं. काही लागलं नाही. हाताला कुठे माहीत आहे.

काकू, मी अजून भाड्याच्याच घरात आहे, मालक खिळा ठोकू देत नाही. पण कधीतरी माझं घर होईल. तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी पहिला खिळा ठोकीन, लांबून आलेल्या कुणाच्या तरी पिशवीसाठी. तुमचं तेवढं तरी फेडीन.