सिस्टर सांगतील तेव्हा हात सोडायचा

खानापुरातल्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात मनिषा सिस्टरांना सगळे खाष्ट म्हणतात. पेशंटभोवती गोतावळा जमला की त्या एकेकाला बाहेर काढतात. मीही त्याच वॉर्डात नर्स आहे आणि मला त्यांचं बरोबरच वाटतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला गर्दीचा काय उपयोग?

शॉकचं नवं मशीन आलं तेव्हा आम्ही हुरळून गेलो होतो. ते स्वतः बोलतं, हृदयाचे ठोके तपासतं, शॉक द्यायचा की नाही तेही सांगतं. सिस्टर म्हणाल्या, "बोलू दे गं. छाती दाबायला हात आपलेच लागत्यात."

गेल्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या कल्लाप्पांना जीपमधून आणलं. बोलत बोलत आत आले आणि खाटेवर टेकताच बेशुद्ध पडले. नाडी लागेना. मी छाती दाबायला लागले. कळ आली म्हणून घरच्यांनी कापूर घातलेलं खोबरेल छातीला भरपूर चोळलं होतं. गावाकडे सगळे मायेनं हेच करतात, पण तेलावर मशीनचे पॅड चिकटत नाहीत. सिस्टरांनी टॉवेलने छाती खसाखसा पुसली, पॅड लावले. मशीन ठोके तपासू लागलं, आणि नेमका तेव्हाच त्यांच्या बायकोने, मालुबाईंनी, नवऱ्याचा हात घट्ट धरला. आमच्याकडे जाणाऱ्याचा हात कोणी सोडत नाही. पण शिवलं तर मशीनला ठोके नीट कळत नाहीत, आणि शिवणाऱ्यालाही शॉक बसू शकतो.

"आक्का, हात सोडा."

"एकट्यास्नी कसं जाऊ देऊ, बाई?"

"जाऊ द्यायचं न्हाय, म्हणूनच सोडा."

एरवी सिस्टरांनी त्यांना बाहेर घालवलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, म्हणाल्या, "हितंच थांबा. मी धरा म्हटलं की पाय धरायचे, सोडा म्हटलं की सोडायचे."

मालुबाईंनी हात काढला. शॉक दिल्याबरोबर माझ्या जागी सिस्टर छाती दाबू लागल्या आणि म्हणाल्या, "धरा." दोन मिनिटांनी मशीन परत तपासायला लागलं की, "सोडा." त्या माउलीची एकदाही चूक झाली नाही. मला रडू आवरत नव्हतं.

पुढे मशीन शॉक नको म्हणू लागलं. दारात उभे असलेले मालुबाईंचे दीर भावकू चिडले. "आणि एक शॉक द्या की. मशीन कशाला ठेवलंय मग?"

"काळीज थरथरत असलं तरच शॉकचा उपयोग, अण्णा. आता ते हलंनाच," सिस्टर दाबता दाबता म्हणाल्या.

तोवर डॉक्टर आले होते. त्यांनी इंजेक्शनं दिली, आम्ही आळीपाळीने दाबत राहिलो. बराच वेळ गेला. शेवटी डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

सिस्टरांनी मशीन बंद केलं. मालुबाई हात मागे घेऊन तशाच उभ्या होत्या, सिस्टरांच्या तोंडाकडे बघत.

"धरा, आक्का," सिस्टर म्हणाल्या. "आता सोडा म्हणणार न्हाय."