नाव विचारणारी मुलगी

फ्रीगंजमधल्या आमच्या नर्सिंग होममध्ये नवी नर्स आली की पहिल्याच दिवशी मी तिला सांगते, "हात चालव, तोंड नको." इतकी वर्षं वॉर्डची इनचार्ज राहून मी कमावलेलं शहाणपण ते एवढंच.

मागच्या वर्षी देवासची एक मुलगी लागली. काम बघून मग पक्की करायची, अशा बोलीवर. प्रत्येक इंजेक्शनाआधी ती पेशंटला नाव विचारायची. रोज. त्याच माणसाला.

"लग्न जमवायला आलीस का गं? बेड नंबर बघ, टोच, पुढे हो."

"कॉलेजात असंच शिकवलंय, मॅडम."

"कॉलेजात भरलेला वॉर्ड नसतो, बाई."

आया फिदीफिदी हसल्या. असं हसवायला मला फार आवडतं.

आमच्या वॉर्डातल्या पलंगांच्या एका रांगेत झोपलं की पाय महाकालाच्या देवळाकडे होतात. चार नंबरच्या आजींना शुगर होती, आणि देवाकडे पाय करून झोपणं त्यांना खपेना. त्यांनी समोरच्या, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या पोरीला गोड बोलून पलंग बदलून घेतला. आम्हाला कोण सांगतंय!

जेवणाआधी नवी मुलगी इन्सुलिन घेऊन चारपाशी थांबली. पेशंट तोंडावर ओढणी घेऊन झोपलेली, आणि ही तिला उठवून नाव विचारणार! मी सिरिंज हिसकावली, पेशंटचा दंड धरला. माणूस बघते कोण, मी नंबर बघते. मुलीनं माझं मनगट पकडलं.

"मॅडम, नाम तो पूछ लीजिए."

ओढणीखालून आवाज आला, "दीदी, मेरा तो अपेंडिक्स का है. शुगर वाली अम्मा उधर हैं."

पोटात अन्न नसलेली पोर. ते इन्सुलिन गेलं असतं तर काय झालं असतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली मुलगीही सांगेल.

मी आधी आजींवर खेकसले. मग मेट्रनकडे गेले. म्हटलं, नवी उद्धट आहे, पेशंटसमोर माझा हात धरते. मेट्रननं तिला बोलावलं.

"धरला होतास?"

"हो, पण मॅडम..."

"बघा, उलट बोलते," मी म्हणाले.

तेवढ्यावर तिची नोकरी गेली. घरी मी यातलं अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याला वाटतं, वॉर्ड माझ्या धाकानं नीट चाललाय.

तिच्या जागी आलेली मुलगी फार चटपटीत आहे. कुणाला नाव विचारत नाही. मीच शिकवलंय तिला.