हवालदाराच्या पोटावरचा विळा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. हे एक मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. मी फौजदार होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि त्याचा अभिमान मी कधी लपवला नाही.

एका दुपारी एक म्हातारा मेंढपाळ ठाण्यात आला. निम्मं वर्ष मेंढरांमागे परमुलखात काढणारं त्याचं घर. बायको अशाच एका मुक्कामी, उघड्या माळावर, बाळंतपणात गेली. एकुलती लेक त्याने मेंढरांबरोबर वाढवली आणि आखाडा बाळापूरजवळच्या गावात, शेती असलेल्या घरात दिली. तिला दोन मुली होत्या आणि आता पुन्हा दिवस गेले होते.

“सायब, लेकीला उद्या बाहेरगावी नेऊन राहिले. पोट पाडायला.”

“कोण नेतंय?”

“सासरचे. मशीनवाला आला होता. पोरगी हाय म्हणला. मागल्या खेपेलाच लई रगत गेलं तिचं. आता जगत न्हाई ती.”

“सोनोग्राफीची मशीन?”

“व्हय. पेटीतली. घरोघर घिऊन फिरतो. मशीन खोटं हाय असं न्हाई म्हणत मी. पोरगी असली तर असू द्या की! माझी बी पोरगीच हाय.”

तो तक्रार द्यायला आला नव्हता. लेक वाचवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. स्टेशन डायरीला नोंद घेतली. गर्भलिंग तपासणीच्या गुन्ह्यात आरोग्य खात्याचा अधिकारी लागतो, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावलं. आमचे हवालदार साध्या कपड्यांत बाळापूरच्या बाजारात गेले आणि संध्याकाळच्या आत मशीनवाल्याला चहाच्या टपरीवरून पेटीसकट घेऊन आले.

पेटीत छोटा पडदा असलेलं यंत्र, एक वायर आणि वायरीच्या टोकाला जाड पेनासारखी दांडी. डॉक्टरांनी ते उलटसुलट पाहिलं. “ही सोनोग्राफी नाही. हिच्यात चित्रच उमटत नाही, नुसते आकडे येतात.”

मग हे आहे काय? आरोपी सांगेना. “मी अडाणी माणूस, साहेब. मशीन सांगती ते मी सांगतो.”

चौकशीत मी एक गोष्ट शिकलो होतो. माणूस गुन्हा लपवतो, पण आपलं कसब दाखवायला त्याला आवडतं. मी गुन्ह्याचं विचारणंच सोडलं. चहा मागवला आणि म्हणालो, “बरं, कसं करतोस ते तरी दाखव.”

तो सावरून बसला. “विळा लागतो, साहेब. घरचाच.”

“विळा काहून?”

“पोटुशी बाईजवळ लोखंड असावं लागतं. दृष्ट लागत न्हाई. हे कोन्यापण सासूला विचारा.”

ते बरोबर होतं. आमच्या भागात बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतातच, त्यामुळे त्याला कोणी शंका विचारली नव्हती. तो विळा बाईच्या पोटावर ठेवायचा आणि दांडी विळ्यावर दाबायचा. मोठा आकडा मुलगा, लहान आकडा मुलगी. मुलगी सांगितली की पुढच्या ‘इलाजा’ची जागाही तोच दाखवायचा.

“पोटाला का लावत नाहीस?”

तो चहा पिऊ लागला. मी दांडी लाकडी टेबलावर दाबली. आकडा नाही. स्वतःच्या हातावर दाबली. नाही. टेबलावरच्या बेडीवर दाबली, आणि पडद्यावर आकडा उमटला.

तेव्हा मला वायरलेसवरचा एक संदेश आठवला. सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे तपासायला आलेल्या एका इंजिनिअरच्या जीपमधून ‘धातूचा कठीणपणा मोजण्याचे यंत्र’ चोरीला गेलं होतं. ते वाक्य मी मोठ्याने म्हटलं. आरोपीने कप खाली ठेवला आणि धाब्यावरच्या जीपमधून पेटी उचलल्याचं कबूल केलं. घरी खटपट करताना विळ्यावर आकडे आले, तिथून त्याचा धंदा सुरू झाला.

गुन्हा उघड झाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीच्या सासरच्या गावी गेलो, तर दारात भाड्याची जीप उभी! सून ओसरीत बसून होती, डोळे सुजलेले. मी सगळं सांगितलं. सासू ऐकून घेत होती.

“मानूस चोर आसंल, सायब,” ती म्हणाली. “मशीन कुठं चोर हाय?”

धाक दाखवला असता तर त्या दिवशी ते थांबले असते आणि माझी पाठ वळताच निघाले असते. मी म्हटलं, “मावशी, तुमचा विळा घ्या आणि सगळे ठाण्यात चला.”

रात्रीच निरोप धाडला होता, त्यामुळे इंजिनिअर मुद्देमाल ओळखायला आलेच होते. दोन पंच, डॉक्टर आणि सासरची मंडळी यांच्यासमोर आमचे पोट सुटलेले, झुपकेदार मिशांचे हवालदार बाकावर आडवे झाले. इंजिनिअरांनी विळा त्यांच्या पोटावर ठेवला आणि धारेजवळ दांडी दाबली. मोठा आकडा.

“पोरगा हाय की!” सासूच्या तोंडून निघून गेलं.

“मावशी, नाव तुमीच ठेवा आता,” हवालदार पडल्या पडल्या म्हणाले. पंचसुद्धा हसले.

मग दांडी मुठीकडे दाबली. आकडा उतरला. “आता पोरगी झाली,” इंजिनिअर म्हणाले. “धार तापवून पाण्यात बुडवलेली असते, म्हणून कडक. मुठीकडचं लोखंड नरम. पातळ पात्यावर आकडा नीट येतही नाही. हे यंत्र फक्त लोखंड किती कडक ते सांगतं.”

म्हातारीने विळा उचलून फरशीवर ठेवला. “आता लावा,” म्हणाली. दांडी दाबली. आकडा आला. फरशीवरच्या विळ्याखाली कोणाचंही पोट नव्हतं.

“मंग हिच्या पोटात काय हाय?”

“ते कुणालाच माहीत नाही,” मी म्हणालो. “आणि पाहू दिलं जाणार नाही. कायदा आहे.”

तिने सुनेकडे पाहिलं. “चाल, ऊठ. घरी चाल,” म्हणाली, आणि मुलाला जीप परत पाठवायला सांगितलं. मेंढपाळही ठाण्याच्या दाराशी येऊन उभा होता. डोक्याचं मुंडासं काढून त्याने तोंड पुसलं.

पुढे नोकरीभर हे मनात ठेवलं. आरोपी पकडणं हे पोलिसाचं निम्मंच काम. आरोपीने लोकांच्या डोक्यात जे घातलं, ते बाहेर निघेपर्यंत गुन्हा चालूच असतो. ते काढायला भाषण पुरत नाही. त्यांचीच वस्तू त्यांच्याच हातात देऊन दाखवावं लागतं.

पंचनामा पक्का झाला होता. चोरी आणि फसवणूक, दोन्ही कलमांखाली आरोपीला शिक्षा झाली आणि तो दाखवायचा त्या ‘इलाजा’च्या जागेवरही आरोग्य खात्याने कारवाई केली. दिवस भरल्यावर ती सून सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या आणि मुलगी त्याच घरात वाढली.