टाचणीबाईंचा पुरावा

आमच्या शाळेत तिला टाचणीबाई म्हणतात, कारण तिच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. नाव मुलांनी ठेवलं. तिला ते माहीत आहे आणि त्याचा अभिमानही आहे. मी चित्रकला शिकवते. माझ्या वर्गात कपाट पडलं तरी कुणी मान वर करणार नाही, तेव्हा शिस्तीबद्दल बोलायचा मला काही अधिकार नाही. पण जे झालं ते मी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून पाहिलं आहे, म्हणून मीच सांगते.

अठरा वर्षं ती तिसरीला शिकवते. दोन वर्षांपूर्वी नियम आला, की ज्यांच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नाही त्यांनी ती मुदतीत मिळवावी, नाहीतर वर्ग मिळणार नाही. म्हणजे सरळ घरी. सेहेचाळिसाव्या वर्षी बाई पुन्हा विद्यार्थिनी झाली. सहापैकी पाच असाइनमेंट तिने घाम गाळून पार पाडल्या. सहावीचा विषय होता ‘पुराव्यावर आधारित वर्गव्यवस्थापन’, आणि तिथेच घोडं अडलं.

पहिल्या वेळी तिने अठरा वर्षांचं शहाणपण बारा पानांत ओतलं. पहिलंच वाक्य होतं, ‘माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.’ प्राध्यापकांनी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला, ‘पुरावा?’ बाकीची अकरा पानं त्यांनी वाचली की नाही देव जाणे. परत पाठवली. आता एकच संधी उरली होती, महिनाअखेरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. डबा उघडायची आणि न खाताच बंद करायची. दहा मिनिटांनी एकदा पर्समधला पेन ड्राइव्ह चाचपायची. फळ्यावर तारीख चुकली, तीही दोनदा! मी चेष्टा केली तर म्हणाली, “हसू नकोस गं. घरी बसले ना, तर लेकीची परीक्षा संपेपर्यंत मी वेडी होईन आणि तिलाही वेडं करीन.” तिची लेक कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. हे तिने हसत सांगितलं आणि पुन्हा पर्समध्ये हात घातला.

असाइनमेंटची रीत साधी होती. पहिला आठवडा नेहमीसारखं शिकवायचं. दुसरा आठवडा पुस्तकातला उपाय करायचा, म्हणजे मूल काही नीट करताना दिसलं की नेमकं काय नीट केलं ते सांगून शाबासकी द्यायची. दोन्ही आठवडे कुणीतरी मागे बसून मोजायचं, मुलं किती वेळा मध्येच बोलली, बाईंनी किती वेळा दटावलं, किती वेळा शाबासकी दिली, किती जणांना बाहेर काढलं. मग आलेख काढायचा, आधी आणि नंतर. मोजणारी मी. हातात कागद, कागदावर रकाने, बाजूला हजेरी.

दोन आठवडे संपले आणि गुरुवारी दुपारी आम्ही शिक्षकांच्या खोलीत कागद पसरून बसलो. दोन्ही आठवड्यांच्या रेघा सारख्याच! एकीवर एक ठेवली तर दुसरी दिसणार नाही. बाहेर काढलेली मुलं पहिल्या आठवड्यात शून्य, दुसऱ्यातही शून्य.

“शून्य कसं?” मी म्हटलं. “तू तर रोज एखाद्याला दाराबाहेर उभं करतेस.”

ती खाली बघत राहिली. “तू मागे बसलेली. आणि पुस्तक वाचून झालं होतं ना. शाबासकीने मूल सुधारतं हे कळल्यावर आठवडाभर मुद्दाम कसं ओरडू? मी पहिल्याच दिवसापासून शाबासकी सुरू केली.”

मी कपाळावर हात मारला. ही चूक फक्त शिक्षकच करू जाणे. चुकीचं ठाऊक असून आठवडाभर तसंच शिकवायचं हे हिच्या हाडातच नाही.

“मग पहिल्या आठवड्याचे आकडे मनाने वाढव,” मी म्हटलं. “कोण येतंय बघायला?”

तिने पेन्सिल उचलली, दटावणीच्या रकान्यात नऊच्या जागी एकवीस लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसरीची मुलं कॉपी करताना जशी दाराकडे बघतात तशी ती दाराकडे बघत होती. मला हसू आलं. मग एकाएकी उठून तिने आपलं लोखंडी कपाट उघडलं. “थांब. माझ्याकडे जुना पुरावा आहे की!”

तिची शिस्तीची वही. ज्याला बाहेर काढलं त्याचं नाव, तारीख, तास, कारण, सगळं सुवाच्य अक्षरात. पालकांनी तक्रार केली तर दाखवायला म्हणून ती अठरा वर्षं ठेवत आली आहे. पहिल्या सत्राची पानं मी वाचत गेले, ती रेघा मारत गेली. एकूण अठ्ठावन्न. सत्रात अठ्ठावन्न, आणि आता शून्य! तिचा चेहरा असा उजळला की तसा मी महिन्यात पाहिला नव्हता. “उतरला बघ आलेख! सुटले गं मी!”

मीही खूश झाले. पण वाचणारी मी होते आणि एकच नाव उच्चारून माझं तोंड दुखलं होतं. अठ्ठावन्नपैकी चौतीस वेळा रेडिओ. रेडिओ म्हणजे दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची पोरगी. अखंड बोलते म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.

“ही काय फक्त मंगळवारी आणि शुक्रवारीच बोलते का?” मी विचारलं.

“का?”

“बघ ना. चौतीसपैकी एकतीस वेळा मंगळवार नाहीतर शुक्रवार. तिसरा तास.”

मंगळवारी आणि शुक्रवारी तिसऱ्या तासाला मोठ्याने वाचन असतं. एकेकाने पाळीपाळीने उभं राहून वाचायचं. टाचणीबाईने वही माझ्या हातातून घेतली. मग माझे मोजणीचे कागद घेतले आणि हजेरीवर बोट फिरवलं. या दोन आठवड्यांत चार वाचनाचे तास झाले होते, आणि चारही दिवस रेडिओ गैरहजर. पोटदुखीच्या चार चिठ्ठ्या टेबलाच्या खणात पडल्या होत्या.

तिने वही मिटली. “मी तिला बाहेर काढायचे,” ती म्हणाली, “आणि ती भिंतीला टेकून गुणगुणायची. मला वाटायचं, निर्लज्ज आहे. तिला बाहेरच जायचं होतं गं. पाळी जवळ आली की बडबड सुरू करायची, आणि मी दार उघडून द्यायचे. दोन आठवडे मी दार उघडलं नाही, तर तिने पोट दुखवून घेतलं.”

आता मी जे बोलले त्याची मला लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, “हे लिहू नकोस. आकडे खरेच आहेत. अठ्ठावन्न आणि शून्य, एवढंच दे. पास होशील. हे लिहिलंस तर ते म्हणतील, अठरा वर्षं ही बाई करत काय होती?”

“तेच तर,” ती म्हणाली. “काय करत होते?” ती घाबरली होती. चांगलीच घाबरली होती. पेनचं टोपण ती उघडून पुन्हा लावत होती. मग शाळा सुटल्याची घंटा झाली तशी ती ताडकन उठली आणि मी तिच्यामागे.

रेडिओ फाटकाजवळ दप्तरावर बसून आईची वाट बघत होती. शेजारच्या मुलीशी बोलणं चालूच होतं. बाई येताना दिसली तशी गप्प झाली आणि उभी राहिली.

“उद्या येणार ना शाळेत?”

रेडिओने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. “उद्या पोट दुखणार आहे, बाई.”

एरवी मी खो खो हसले असते. टाचणीबाई तिच्यासमोर पायरीवर बसली. मोठ्या माणसांना गुडघे दुखताना जसं बसावं लागतं तशी, हात टेकून.

“वाचायला भीती वाटते?”

“मी अडखळले की सगळे बघतात.”

“मग वाचायचं नसेल त्या दिवशी तसं सांगायचं. त्यासाठी बाहेर उभं राहायला नको आणि पोटही दुखायला नको.”

रेडिओने मान वर केली. मग हळूच म्हणाली, “तसं सांगता येतं, बाई?”

तिची आई आली आणि रेडिओ तिच्याबरोबर गेली. टाचणीबाई पायरीवरच बसून राहिली. तिने डोळे पुसले ते मी न पाहिल्यासारखं केलं.

निकालाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचाही जीव टांगणीला नको. तिने सगळं लिहिलं. पहिला आठवडा आपण कसा बिघडवला तेही, आणि ‘माझी शिक्षा हीच या मुलीची सुटका होती, हे माझ्याच वहीत लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं’ हेही. शुक्रवारी पाचला वीस कमी असताना पाठवलं. नंतरचे तीन आठवडे तिने मला जे छळलं ते मी इथे लिहीत नाही. पन्नासला पास, तिला चोपन्न मिळाले. लाल शाईत शेरा होता, ‘मोजणी सदोष. पुरावा मान्य.’ चोपन्नसाठी एवढी रडलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण माझ्या लक्षात राहिला आहे तो त्याच शुक्रवारचा तिसरा तास. मी सवयीने कागद घेऊन मागे बसले होते. रेडिओ आली होती. वाचन एकेका बाकावरून पुढे सरकत होतं आणि टाचणीबाईचा चेहरा पांढरा पडत चालला होता. परीक्षा जणू तिचीच होती. रेडिओच्या आधीची मुलगी वाचून खाली बसली. रेडिओने शेजारणीकडे तोंड वळवलं, बोलायला उघडलं, दाराकडे पाहिलं. मग तोंड मिटून ती उभी राहिली.

“बाई, मला आज वाचायचं नाही.”

टाचणी पडली असती तर खरंच ऐकू आली असती.

“शाबास,” टाचणीबाई म्हणाली. “उभं राहून, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंस. बस. पुढचा.”

मी शाबासकीच्या रकान्यात एक रेघ मारली.